लोखंड मातीत, केवडा उसात

गेल्या उन्हाळ्यात शेतकी विभागाच्या मंडळींबरोबर शिवारफेरीला गेलो असताना एका सभासदांच्या खोडव्यापाशी आम्ही थांबलो. सव्वा एकराचा तुकडा. बांधाकडच्या चार-पाच सऱ्या हिरव्यागार आणि मधला सगळा भाग पिवळा. काही ठिकाणी तर पोंग्यातले कोवळे पान कागदासारखे पांढरे पडलेले. ऊस पिवळा दिसला म्हणून मालकांनी दोन खेपा युरिया टाकला होता आणि पाणीही सढळ हाताने दिले होते. पण ऊस काही हिरवा होईना. पहिल्या खेपेला "युरिया टाकून बघा" असे सांगणारे आमच्याचपैकी होते, हेही इथे कबूल केलेले बरे.

माती परीक्षणाचा कागद त्यांनी खिशातून काढला. त्यावर सामू ८.४, चुनखडीचे प्रमाण जास्त, आणि पुढे 'लोह : कमी' असे लिहिलेले. ते आम्हांला विहिरीच्या कडेला घेऊन गेले. मुरमाचा जुना ढीग दाखवून म्हणाले, "साहेब, ह्यो मुरूम बघा की. तांबडाभडक हाय. कागद म्हंतो लोखंड न्हाई. मग ह्यो रंग कशाचा?"

प्रश्न बिनतोड होता. तांबडा रंग लोखंडाचाच. मग कागद खोटा की मुरूम खोटा? दोन्ही खरे आहेत, एवढेच त्या वेळी आम्ही सांगू शकलो. पूर्ण उत्तर देण्यासाठी थोडे वाचन करावे लागले आणि ते वाचन आम्हांला पार जपानपर्यंत घेऊन गेले. सभासदांच्या कामाचे आहे म्हणून ते इथे मांडत आहोत.

हिशेब काय सांगतो?

एक एकर रानाच्या वरच्या सहा इंच मातीचे वजन ढोबळ मानाने ८ लाख किलो धरतात. शंभर किलो मातीत दोनच किलो लोह आहे असे धरले, तरी एकरात १६ हजार किलो लोह झाले. आपल्या काळ्या रानात ते याहून जास्तच असते, कारण ही माती ज्या काळ्या दगडापासून झाली त्यातच लोह भरपूर.

आता कागदाचा हिशेब बघा. प्रयोगशाळा 'पिकाला मिळू शकणारे लोह' मोजते. मातीच्या दहा लाख भागांत ते साडेचार भागांपेक्षा कमी निघाले, की 'कमी' असा शेरा पडतो. एकरात हे साडेचार भाग म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे घरात १६ हजार किलोची रास आणि पिकाच्या पानात साडेतीन किलोसुद्धा पडेना! उशाला धरण अन् घशाला कोरड म्हणतात ती हीच.

कारण असे, की मातीतले बहुतेक लोह गंजलेल्या रूपात असते. गंज पाण्यात विरघळत नाही, आणि विरघळल्याशिवाय मुळाला काही घेता येत नाही. त्यातून सामू एका अंकाने वाढला, की गंजातून सुटणारे लोह हजार पटीने कमी होते. साडेसहा सामूचे रान आणि साडेआठ सामूचे रान यांत अंतर दोनच अंकांचे. पण या हिशेबाने सुटणारे लोह दहा लाख पटीने घटते. चुनखडीच्या रानात केवडा का पडतो, याचे मूळ इथे आहे.

बाजारातून आणलेली हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, कोरडीच अशा रानात फेकली तर तिचीही तीच गत होते. हिराकशीचे पोते उघडे राहिले तर हिरवट खडे तांबूस-पिवळे पडतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. चुनखडीच्या ओल्या मातीत हेच काम झपाट्याने होते. पैसे टाकून आपण रानात आणखी थोडा गंज घालतो, एवढेच.

मुळांची नांगी

मग प्रश्न उलटा पडतो. चुनखडीच्या रानातही गवत हिरवे दिसते, ते कसे?

जपानच्या उत्तर भागातील इवाते विद्यापीठात ताकागी नावाचे शास्त्रज्ञ होते. लोह न देता वाढवलेल्या ओट आणि भाताच्या रोपांची मुळे ज्या पाण्यात धुतली ते पाणी त्यांनी तपासले. त्या धुवणात गंज विरघळवणारा पदार्थ निघाला. हे त्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केले. भुकेले मूळ नुसते वाट बघत बसत नाही. ते स्वतः एक रसायन तयार करून मातीत सोडते, ते रसायन गंजातले लोह धरते, आणि मूळ त्या जोडीला परत आत ओढून घेते. उधारीवर माणूस पाठवून माल घरी आणावा, तसा हा प्रकार.

१९७८ साली दुसऱ्या जपानी शास्त्रज्ञांनी सातूच्या मुळांतून हे रसायन शुद्ध करून त्याची रचना ठरवली. नाव पडले 'मुगिनेइक आम्ल'. जपानी भाषेत 'मुगी' म्हणजे सातू-गहू आणि 'ने' म्हणजे मूळ. सातू हा स्राव दिवसभर सोडत नाही. सूर्य उगवल्यावर दोन-तीन तासांत जोर असतो आणि मग ओसरतो. दिवसभर सोडत राहिले असते तर मातीतल्या जिवाणूंनीच ते खाऊन टाकले असते. एकदम सोडले म्हणजे थोडे तरी कामाला येते.

हे रसायन लोह धरते कसे? खेकड्याची नांगी डोळ्यांपुढे आणा. लोहाच्या कणाभोवती ते गुंडाळते आणि सहा ठिकाणी पकड घेते. एका बोटाने धरलेली वस्तू सुटते, सहा बोटांनी धरलेली सुटत नाही. चुना कितीही असला तरी या पकडीतले लोह गंजून खाली बसत नाही. अशा पकडीला रसायनशास्त्रात 'चिलेट' म्हणतात, आणि तो शब्दही ग्रीक भाषेतल्या नांगीवरूनच आलेला आहे. १९२० साली मॉर्गन आणि ड्र्यू या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी तो रूढ केला. 'चिलेटेड झिंक', 'चिलेटेड फेरस' असे पुड्यांवर छापलेले आपण वाचतो, ते हेच.

मका, ज्वारी, गहू, भात, आपला ऊस ही सगळी गवताच्या कुळातली पिके. या कुळाची लोह आणायची रीत ही. भुईमूग, सोयाबीन, हरभरा यांची रीत वेगळी. ती मुळांजवळची माती आंबट करून लोह सोडवतात. गवतांतही सगळी सारखी नाहीत. सातू भरपूर नांग्या सोडतो. मका, ज्वारी कमी. भात तर फारच कमी. टोकियो विद्यापीठातील मंडळींनी २००१ साली सातूची दोन जनुके भातात घातली, तेव्हा अल्कधर्मी मातीत त्या भाताचे दाणे साध्या भाताच्या ४.१ पट भरले. माती तीच, तिच्यातले लोह तेवढेच. फक्त नांग्या वाढल्या.

कुलूप आणि किल्ली

इथे आणखी एक गंमत आहे. नांगीने लोह धरून मुळाच्या दारापर्यंत आणले, तरी दार उघडले पाहिजे. ते दार कुणालाही उघडत नाही. नांगी आणि लोह यांच्या जोडीचा जो घाट आहे, तोच त्या दाराच्या कुलपात बसतो. मक्याची एक जात अशी आहे, की तिच्या पानांवर पिवळे पट्टे पडतात. ती नांग्या सोडते, पण तिचे हे कुलूप बिघडलेले असते. त्या कुलपाचे जनुक २००१ साली सापडले. सातूच्या अशाच कुलपाचे, आत नांगी बसलेली असताना, बारीक चित्र शास्त्रज्ञांनी २०२२ साली मिळवले.

कुलूप-किल्लीची ही उपमा आमची नाही. १८९४ साली जर्मनीच्या एमिल फिशर यांनी ती दिली, आणि दिली तीही साखरेवर काम करताना! एक विशिष्ट पाचकद्रव्य एकाच घाटाची साखर का फोडते, हे सांगताना त्यांना ती सुचली. साखरेच्या रेणूंची रचना उलगडणारे हेच गृहस्थ. १९०२ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ज्या मालावर आपला संसार चालतो, त्याची ही वंशावळ सभासदांना ठाऊक असावी.

पुढे या विचारातून रसायनशास्त्राची एक शाखाच उभी राहिली. एका रेणूने दुसऱ्याला कसे ओळखावे, कसे धरावे आणि कसे सोडावे, हा तिचा विषय. फ्रान्सचे लेन यांनी तिला 'सुप्रामोलेक्युलर' रसायनशास्त्र, म्हणजे रेणूंच्या पलीकडचे रसायनशास्त्र, असे नाव दिले. १९८७ साली लेन, अमेरिकेचे क्रॅम आणि अमेरिकेचेच पेडरसन यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

यांतल्या चार्ल्स पेडरसन यांची गोष्ट आपल्या कारखान्यातल्या केमिस्ट मंडळींनी जरूर वाचावी. ते विद्यापीठातले नव्हेत, कारखान्यातले माणूस. पीएच.डी. नाही. ड्यूपाँट कंपनीत १९२७ पासून नोकरी. १९६१ साली व्हॅनेडियम धातूला धरणारा पदार्थ करायला गेले, तर मूळ मालात अशुद्धता राहिल्याने अर्धा टक्काही भरणार नाहीत एवढे पांढरे स्फटिक भलत्याच पदार्थाचे निघाले. दुसऱ्या कुणी ते मोरीत ओतले असते. यांनी ठेवले, तपासले. तो रेणू कड्यासारखा निघाला, आणि कड्याच्या मधोमध पोटॅशियमचा कण नेमका बसत होता. तोच पोटॅशियम, जो आपण पोटॅशच्या पोत्यातून विकत आणतो. धातूच्या मापाचा घाट माणसाच्या हाताने घडवता येतो, हे त्या चिमूटभर मालावरून कळले.

निसर्गाची नक्कल

आता पुन्हा जपानला येऊ. मुळांची नांगी कशी असते ते कळले. मग ती कारखान्यात तयार करून रानात का घालू नये? घातली. भाताला चुनखडीच्या मातीत ती लागूही पडली. पण दोन अडचणी आल्या. एक म्हणजे किंमत. या नांगीत चार अणूंचे एक लहान कडे असते, आणि ते ज्यापासून करायचे तो कच्चा माल फार महाग. दुसरी अडचण टिकाऊपणाची. मातीत ती लवकर नाहीशी होते.

तोकुशिमा विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ नाम्बा कोसुके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मार्ग काढला. चार अणूंच्या कड्याच्या जागी त्यांनी पाच अणूंचे कडे बसवले. हे कडे प्रोलीन या ॲमिनो आम्लातून मिळते, आणि प्रोलीन प्रथिनांमध्ये नेहमी सापडणारा स्वस्त माल. प्रश्न एवढाच होता, की किल्लीचा एक दात बदलल्यावर ती कुलपात बसेल का? बसली. मुळाच्या दाराने नकली नांगी आणि लोहाची जोडी आत घेतली. नवा पदार्थ करायला स्वस्त, मातीत अधिक टिकणारा, आणि चुनखडीच्या मातीतला भात त्याने सुधारला. हे काम २०२१ साली प्रसिद्ध झाले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. हे प्रयोग भातावरचे आहेत. उद्या एखादा विक्रेता रंगीत बाटली घेऊन दारात आला आणि "जपानी लोह आहे, एका फवारणीत केवडा गायब" असे म्हणू लागला, तर बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचा, आणि शेतकी विभागाला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.

आपल्या रानात काय करायचे?

एवढे रामायण सांगण्याचे कारण असे, की साध्या नांग्या आपल्या घरातही आहेत. आपण त्या वापरतो, पण का वापरतो ते माहीत नसल्यामुळे अर्धवट वापरतो.

पहिली गोष्ट, ओळख. केवड्यात कोवळी, वरची पाने आधी पिवळी होतात आणि शिरा काही काळ हिरव्या राहतात. कारण जुन्या पानातले लोह नव्या पानाकडे सहसा जात नाही. नत्र कमी पडले तर उलट, खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. वरचे पिवळे की खालचे, एवढे बघून मगच पोत्याला हात घाला. वरचे पान पिवळे असताना युरिया टाकणे म्हणजे पाय दुखतोय म्हणून डोक्याला तेल लावणे.

दुसरी गोष्ट, शेणखत. चांगल्या कुजलेल्या खतात लोह धरून ठेवणारी सेंद्रिय आम्ले असतात. त्याही एक प्रकारच्या नांग्याच. म्हणून माती परीक्षणात लोह कमी आले तर एकरी १० किलो हिराकस दहापट शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, पाच-सहा दिवस मुरवून मग सरीत द्यायची, अशी शिफारस आहे. अनेकजण हिराकस आणतात, पण "मुरवायला वेळ कुणाला हाय?" म्हणून तशीच फेकतात. सगळे काम त्या मुरवण्यातच असते. शेणखत कमी असेल तर कारखान्याचे प्रेसमड कंपोस्ट आणि हिरवळीचा ताग-धैंचा आहेच.

तिसरी गोष्ट, फवारणी. उभ्या पिकाला तातडीचा उपाय हाच. १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम हिराकस आणि १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे आपले लिंबूसत्त्व. द्रावण ताजे करून सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर फवारावे आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावे. लिंबूसत्त्व कशाला, तर तीही लोह धरणारी नांगी. झाडाच्या अंगातून लोह मुळाकडून पानाकडे जाते, तेही याच आम्लाच्या हातात हात घालून.

चौथी गोष्ट, चिलेट घेताना. आपल्या प्रयोगशाळेत बॉयलरच्या पाण्याचा जडपणा तपासायला ईडीटीए वापरतात, कारण ते कॅल्शियमला पटकन धरते. नेमके म्हणूनच ईडीटीएमधले लोह चुनखडीच्या मातीत घातले, तर ती नांगी लोह सोडून कॅल्शियम पकडते. फवारणीला ते चालते, चुनखडीच्या मातीत मात्र पैसे वाया जातात.

पाचवी गोष्ट, पाणी. चुनखडीच्या रानात पाणी तुंबले की मातीतल्या पाण्यात बायकार्बोनेट वाढते आणि केवडा आणखी बळावतो. पिवळा ऊस बघून पाणी वाढवू नका. आधी चर काढा, निचरा बघा.

शेवटची गोष्ट शेजारधर्माची. चीनमध्ये चुनखडीच्या जमिनीत नुसता भुईमूग लावला तर त्याला केवडा पडे. मक्याच्या ओळींशेजारचा भुईमूग मात्र हिरवा राही. २००० साली हे अभ्यासातून मांडले गेले. मक्याने सोडलेल्या नांग्यांचा लाभ शेजारच्या भुईमुगालाही होत होता. मातीतही सहकार चालतो, म्हणायला हरकत नाही!

आणि माती परीक्षणाचा कागद? त्या 'मिळू शकणाऱ्या लोहा'ची चाचणी लिंडसे आणि नॉर्वेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडली. डीटीपीए नावाच्या रसायनात माती दोन तास हलवतात. हे डीटीपीएसुद्धा माणसाने केलेली नांगीच. प्रयोगशाळा मातीला विचारते, "नांगी टाकली तर लोह किती देशील?" मुळाचा प्रश्नही तोच असतो. म्हणून मुरूम तांबडा असला तरी कागद खोटा नसतो.

त्या सभासदांकडे आम्ही पुन्हा जाऊन आलो. दोन फवारण्या झाल्या होत्या, चर काढला होता. नवी पाने हिरवी निघाली होती. आधी पांढरी पडलेली तशीच होती आणि त्या तुकड्यात उसाची वाढ मागे राहिली, ती राहिलीच. हिशेबाची वही पुढे करून ते म्हणाले, "युरियाचं गेलं ते गेलं. पर तवाच कुणी सांगितलं असतं तर?"

त्यांचे म्हणणे खरे आहे, म्हणूनच हा लेख. खोडवा ठेवण्याआधी प्रत्येक सभासदाने आपल्या चुनखडीच्या तुकड्याचा नमुना वेगळा काढावा. चांगल्या रानाची माती त्यात मिसळू नये. अर्धा किलो माती, पिशवीत गट नंबर आणि नाव लिहिलेली चिठ्ठी, एवढे घेऊन गट कार्यालयात यावे. आणि ऊस पिवळा दिसला, तर युरियाच्या पोत्याकडे जाण्याआधी आधी वरचे पान बघा, मग खालचे बघा. तेवढ्याने एका हंगामाचे नुकसान टळू शकते.